पाव वळसा

फरीदाबाद
९ नोव्हेंबर २००३

ताईस,
जय भीम.

सरोजिनी नगरच्या बाजारात, स्वेटरच्या ढिगाशेजारी उभं राहून मी वल्लरीची चिठ्ठी उघडली, आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्याआधीचा दीपू वेगळा होता. तो कॉलेजात जायचा, मेसमध्ये राजमा-चावल खायचा आणि आपण कोणीतरी होणार असं त्याला वाटायचं. चिठ्ठी वाचून झाली तेव्हा बाजूचा फेरीवाला ओरडत होता, "ले जाओ, ले जाओ, एक्सपोर्ट का रिजेक्ट!" मला वाटलं, हा माझ्याबद्दलच बोलतोय.

तू फोनवर विचारत होतीस ना, मग ऐक. हो, कॉलेज सोडलं. शेवटचं वर्ष होतं, तेही माहीत आहे. अकोल्याला सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस. तुमचा फोन बैठकीत असतो, तुझ्या सासूबाई मधेच "कौन है?" करतात, आणि मला राग आला की फोनवर शब्द फुटत नाहीत. कागदावर फुटतात. म्हणून हे.

आमचे टेंबे सर. डॉ. श्रीपाद टेंबे, मूळ पुण्याचे. बायको, शुभदाकाकू, केंद्राच्या मंत्रालयात, म्हणून वर्षानुवर्षं सरोजिनी नगरला लागून लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात राहिले. आता गुडगावला नव्या सोसायटीत गेलेत, जिथं लिफ्टमध्ये गाणं वाजतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला हेरलं. "मराठी मुलगा आहेस, रविवारी पोहे खायला ये." गेलो. पोहे शुभदाकाकूंनी केले होते आणि ते आणून दिले त्यांच्या मुलीनं, वल्लरीनं. झालं. पुढचं तू समज.

ती जन्मापासून दिल्लीची. तिचं मराठी म्हणजे, "आई, मला भूख नाही लागत आहे." मी हसून हसून लोळायचो. मग आमचं ठरलं, ती मराठी बोलताना हिंदी शब्द घुसला की मला एक समोसा द्यायचा. एकदा म्हणाली, "मी कोशिश करते." मी म्हटलं, "बघा, आला सरोजिनी नगरचा माल!" कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, "एक दिवस असं मराठी लिहीन ना, की तू बघतच राहशील." लिहिलं तिनं. बघतच राहिलो.

आता सरांचं. आमचं काम मॅग्नेशियमवर. ॲल्युमिनियमपेक्षाही हलका धातू. गाडीत वापरला तर गाडी हलकी होते, म्हणून परदेशी कंपन्या हल्ली त्याच्यामागे आहेत. पण स्वभाव आडमुठा. थंड असताना वाकवायला गेलं की मोडतो. आत पत्त्यांच्या कॅटसारखे थर असतात, ते एकाच अंगानं घसरतात, दुसऱ्या अंगानं जोर लावला की टक्! ताकद वाढवावी तर वाकण्याचा गुण जातो, वाकण्याचा गुण आणावा तर ताकद जाते. दोन्ही एकदम हवं असेल तर त्याचा छळ करावा लागतो. थट्टा नाही, शास्त्रच तसं आहे. पोलादाच्या ठोकळ्यात काटकोनात वळणारा बोगदा कोरायचा, मॅग्नेशियमची कांडी तापवायची आणि प्रेसखाली त्या बोगद्यातून दाबून बाहेर काढायची. वळणावर तिच्या आतला कण न् कण चिरडून बारीक होतो, थर वेगळ्या दिशेनं बसतात. आणि बाहेर येते तेव्हा जाडी तीच, रूप तेच. म्हणून परत घालता येते. दर वेळी पाव वळसा फिरवून घालायची, म्हणजे सगळ्या अंगांनी मार बसतो. शेवटी कांडीतून पट्टी कापली तर ती मोडायच्या ऐवजी वाकते, आणि कच्चीपेक्षा जोरही जास्त सोसते. बाहेरून बघणाऱ्याला मात्र काडीचा फरक दिसत नाही. जे काय झालं ते आत.

आमच्या कांड्या चिरायच्या तरी, नाहीतर नरम राहायच्या. उष्णता जास्त ठेवली की बारीक झालेले कण परत फुगतात, कमी ठेवली की तडा जातो. होळीच्या सुट्टीत सगळे घरी गेले, मी थांबलो. किती कांड्या वाया घालवल्या विचारू नकोस. मग एकदा सुचलं. पहिल्या खेपेला गरम घाला, पुढच्या प्रत्येक खेपेला थोडी गार. एकदा मार खाल्लेली कांडी पुढचा मार थंडपणे सोसते. पट्टी वाकली, ताई! मी फरशीवर बसून रडलो.

सप्टेंबरात परदेशी नियतकालिकात लेख आला. सरांचं नाव, त्यांच्या एका मित्राचं नाव. माझं खाली, आभारात, प्रेसचे मालक चड्ढाजी यांच्या नंतर. मी विचारायला गेलो. सर म्हणाले, "मशीन चालवणाऱ्याला लेखक म्हणत नाहीत रे." मी त्यांच्या टेबलावरची कांडी उचलून भिंतीवर फेकली. भिंतीला खड्डा पडला, कांडीला काही झालं नाही.

तरी मला वाटत होतं, वल्लरी आहे. ती तरी आपली आहे. आणि मग ती चिठ्ठी. बापाबरोबर बसून माझ्या नावाला हसली ती. आपल्या नावाला, ताई. शाळेत ज्यांनी हसायचं ते हसून घेतलं, त्यांची मला सवय होती. हिची नव्हती.

आता मी चड्ढाजींच्याच कारखान्यात कामाला आहे, त्याच प्रेसवर. सरांना वाटतं मी थंड झालो. मी थंड झालोय हे खरं, पण एकदा मार खाल्लेली कांडी थंडपणे काय करते ते त्यांना अजून कळायचंय. तिंबून काढीन दोघांना.

दीपू


जबलपूर
१९ नोव्हेंबर

दीपू,
जय भीम.

तुझं पत्र सासूबाईंनी आधी हातात घेतलं आणि म्हणाल्या, "किती जाड आहे! पोराला पैसे पाहिजेत वाटतं." म्हटलं, नाही, पोराला अक्कल पाहिजे.

काहून रे, शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडतं का कोणी? काका रोज संध्याकाळी अकोल्याच्या चौकात उभे राहून सांगतात, आमचा धम्मदीप दिल्लीत इंजिनिअर होतो आहे. मी गप्प राहीन, पण माझ्या गप्प राहण्याला दिवाळीसारखी तारीख असते, ती उलटली की मी बोलते.

तुझ्या त्या धातूचं मला बरंचसं कळलं. हे म्हणाले, "आमच्या फॅक्टरीत असलं काही करत नाहीत." मी म्हटलं, तुमच्या फॅक्टरीत करत नसतील, माझ्या स्वयंपाकघरात करतात. कणीक तिंबायची, मुटका वळायचा, फिरवायचा, परत तिंबायची. आकार तोच राहतो आणि आत बदलते. बोट लावल्याशिवाय कळत नाही मुरली का नाही. पण बाबा, कणीक तिंबतात ती पोळी करायला. तू ज्यासाठी तिंबणार आहेस त्यातून जेवायला काय मिळणार?

सर वागले ते वाईटच. त्यावर मी तुला शांत हो म्हणणार नाही. आपल्या घरात शांत हो कोणी कोणाला म्हणत नाही, बाबासाहेबांनी शिका म्हटलंय, शांत बसा नाही म्हटलं. पण शिकणंच तू सोडून बसलास.

आणि त्या मुलीचं माझ्या डोक्यात बसत नाही. तू तीन पानं लिहिलीस. धातूचं सगळं सांगितलंस, भिंतीच्या खड्ड्याचं सांगितलंस, पण तिच्या चिठ्ठीतलं एक वाक्य नाही लिहिलं. "माझ्या नावाला हसली" हे तुझं वाक्य आहे. तिचं कोणतं? मला तुझा अर्थ नको, तिचे शब्द पाठव. जसेच्या तसे, चुकांसकट.

स्वेटर घेतलास का? दिल्लीची थंडी मला माहीत आहे. एक्सपोर्टचा रिजेक्टही ऊब देतो, रे.

तुझी,
लुंबिनीताई


फरीदाबाद
१ डिसेंबर

ताईस,
जय भीम.

स्वेटर घेतला. भगवा मिळाला, दुसरा रंग नव्हता. कारखान्यात सगळे "महाराज" म्हणतात. नाहीतर "टाइडी" म्हणतात. तायडे कोणाला जमत नाही आणि धम्मदीपचं ते धरमदीप करतात.

तुला शब्द पाहिजेत ना? घे. चिठ्ठी माझ्याजवळच आहे, पाकिटात, फाडवली नाही. हे तिचं अक्षर न अक्षर:

"धम्मदीप, तुझ्या नावावरून मी बाबांसमोर खूप चेष्टा केली. रोज, जेवताना. ते नुसते हसले. आईपण हसली. आता तू राग नको करू, शांत राहा. मी अजून चेष्टा करीन. — वल्लरी"

वाचलंस? आता सांग, मी काय चुकीचा अर्थ लावला? रोज! जेवताना! पोह्यांच्या बशा पुढ्यात घेऊन तिघं माझ्या नावावरून हसतात, आणि ही मला लिहून कळवते, वर सांगते शांत राहा. एवढी हिंमत! मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? पहिल्यांदाच तिनं एक ओळ सबंध मराठीत लिहिली होती. एक समोसा नाही लागला.

परवा आली होती इथं. चड्ढाजींच्या ऑफिसातून थेट प्रेसपाशी. प्रेसचा पंप घरघरत होता. म्हणाली, "एकदा ऐक तरी, यार." मी म्हटलं, "मॅडम, यहाँ हेल्मेट के बिना खड़े मत रहिए." तिचं तोंड असं झालं की मला क्षणभर पंप बंद करावासा वाटला. नाही केला. ती काहीतरी बोलत होती, ओठ हलताना दिसत होते. "तेरा तारीख" एवढं ऐकू आलं. मग गेली.

तेरा तारीख मला तिच्याकडून कळायची गरज नव्हती. मी तिचीच वाट बघतोय. शनिवार आहे. गुडगावला एका काचेच्या इमारतीत सरांचं प्रात्यक्षिक आहे. गाड्यांचे भाग करणारी परदेशी कंपनी, त्यांची माणसं येणार. जमलं तर सरांना मोठी प्रयोगशाळा, आणि जगात नाव. प्रकार साधा आहे. आधी कच्ची मॅग्नेशियमची पट्टी हातानं वाकवून दाखवायची. ती मोडणार, मोडायलाच पाहिजे. मग माझ्या पद्धतीनं दाबलेल्या कांडीतून कापलेली पट्टी वाकवायची. ती केसाच्या आकड्यासारखी वाकणार. टाळ्या. पट्टी वाकवणार कोण? वल्लरी. सर म्हणाले, "नाजूक हातानं वाकली की त्यांना पटेल." आणि पट्ट्या घासून, चकाकून, डबीत ठेवून घेऊन जाणार कोण? मशीन चालवणारा.

तुला सांगितलं होतं ना, बाहेरून काही फरक दिसत नाही? माझ्या पट्टीच्या कडेला मी कानशीनं एक बारीक खाच पाडतो. ती खाच माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. मी कच्च्या पट्टीला तशीच खाच पाडणार आणि डबीत दोन्ही कच्च्या ठेवणार. खरी माझ्या खिशात.

मी कोणाला हातही लावणार नाही. एक शब्द बोलणार नाही. पट्टी मोडेल तो आवाज ऐकायचा आणि घरी यायचं. सर म्हणाले होते ना, मशीन चालवणाऱ्याला लेखक म्हणत नाहीत? मग लेखकानं वाकवून दाखवावी.

मला अडवू नकोस. अडवायला लिहिलंस तर उघडणार नाही.

दीपू


जबलपूर
७ डिसेंबर

दीपू,

जय भीम नंतर म्हणते. आधी पत्र उघड. मी अडवत नाही, अर्थ सांगते.

काल सहा तारीख. विहारात जायला निघाले आणि पोस्टमननं तुझं पत्र हातात दिलं. रांगेत उभ्या उभ्या वाचलं, पांढऱ्या साडीत, मेणबत्ती धरून. चिठ्ठीपाशी आले आणि मला हसू फुटलं. सहा डिसेंबरला, विहाराच्या दारात! सासूबाईंनी चिमटा काढला. मग त्याच ओळीवर डोळ्यांत पाणी आलं.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. मी नवी नवी जबलपूरला आले तेव्हा पहिल्याच रविवारी पुरणपोळ्या केल्या. एक धड निघाली नाही. शेजारीण आली तर सासूबाई तिला म्हणतात, "बहू ने चेष्टा तो बहुत की." मी आत जाऊन नळ सोडला आणि रडले. मला वाटलं, मी ह्यांची काय चेष्टा केली? उलट ह्याच माझी करतायत! संध्याकाळी जेवले नाही. शेवटी तुझ्या भाऊजींनी समजावलं, "अगं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आई तुझं कौतुक करत होती."

कळलं? चेष्टा म्हणजे प्रयत्न. कोशिश. इथल्या शाळेच्या पुस्तकात आहे, बोलण्यात फारसा येत नाही, म्हणून तुला दिल्लीत कोणाच्या तोंडून ऐकू आला नसेल. आता ती चिठ्ठी परत वाच. तुझ्या नावासाठी ती बापाशी रोज भांडली, जेवताना. ते नुसते हसले, म्हणजे उडवून लावलं. आईनंही उडवलं. आणि शेवटी लिहिते, "मी अजून चेष्टा करीन." अरे खुळ्या, मी तुझी अजून थट्टा करीन असं कोणी सही करून लिहून देतं का?

कोशिश का नाही लिहिलं तिनं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. समोसे कोण खात होतं?

विहारातून आल्या आल्या एस्.टी.डी. बूथवरून तुझ्या कारखान्यात फोन केला. विचारलं, दीपू आहे का? "यहाँ कोई दीपू नहीं." धम्मदीप? "धरमदीप तो पानीपत गया, माल लेके. अगले हफ्ते आएगा." विचारलं तर तो ड्रायव्हर, कोणी दुसराच निघाला. तुझं ते टाइडी मला ऐन वेळेला आठवलं नाही. आज परत केला तर रविवार, कोणी उचलत नाही. उद्या परवा करत राहीन, पण पत्रावर माझा जास्त भरवसा आहे.

सरांचा हिशोब वेगळा. त्यांना काय करायचं ते कर, पण तोंडावर, नाव सांगून. खिशात पट्टी लपवून नाही. आणि पोरीच्या हातून तर नाहीच.

दीपू, तेराच्या आधी पोहोचू दे हे.

ताई


फरीदाबाद
१५ डिसेंबर

ताई,

नाही पोहोचलं. फोनही नाही, सोमवारपासून ऑफिसची लाइन बंद आहे. म्हणजे कारखान्यात गुरुवारीच आलं होतं, पण चड्ढाजींनी ते धरमदीपच्या खणात ठेवलं. धरमदीप शनिवारी संध्याकाळी पानीपतहून आला आणि हसत हसत म्हणाला, "महाराज, तेरी चिट्ठी है. मैंने खोली, मराठी निकली." तेव्हा मी गुडगावहून परत आलो होतो.

सगळं सांगतो. मधे थांबलो तर लिहिणार नाही.

शनिवारी तो हॉल माणसांनी भरला होता. काचेतून खाली नुसती क्रेन आणि अर्धवट इमारती. मी भगव्या स्वेटरवर चड्ढाजींचा कोट घालून शेवटच्या रांगेत. सर उभे राहिले, कणांचे फोटो पडद्यावर दाखवले, मोठ्या चकत्यांसारखे आधीचे आणि भाजक्या रव्यासारखे नंतरचे. मग थांबले. चष्मा पुसला आणि इंग्रजीत म्हणाले, दर खेपेला उष्णता उतरवत नेण्याची ही कल्पना माझी नाही, माझ्या विद्यार्थ्याची आहे. धम्मदीप तायडे. तो इथं आहे. उभा राहा.

नीट म्हणाले, ताई. धम्मदीप. धरमदीप नाही.

मी उभा राहिलो. टाळ्या झाल्या. वल्लरी टेबलापाशी उभी होती, माझ्याकडे बघून हसत होती, दोन्ही मुठी छातीशी धरून. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, घरी जेवताना करायचे ते आता चारचौघांत करतायत. "मी अजून चेष्टा करीन" म्हणाली होती, ती ही! हात खिशात होता. खरी पट्टी बोटांना लागत होती. तोंड उघडायला वेळ होता, अगदी भरपूर होता. मी खाली बसलो.

पहिली पट्टी तिनं वाकवली, मोडली. लोकांनी माना डोलावल्या. दुसरी उचलली. खाच बघितली, बघून परत माझ्याकडे हसली, म्हणजे खाचेचंही तिला माहीत होतं. मला वाटायचं कोणालाच माहीत नाही. तिनं वाकवली. टक्. एक तुकडा उडून पहिल्या रांगेतल्या पाहुण्याच्या चहात पडला. त्यानं बोटानं काढला आणि म्हणाला, "हा माझा का?" सगळा हॉल हसला. सरसुद्धा हसले, आणि हसता हसता म्हणाले, "सांगितलं ना, विद्यार्थ्याचं काम आहे." आणखी हसले सगळे. माझ्या नावावर.

खोटं कशाला सांगू, त्या घटकेला बरं वाटलं. बसमध्ये बदरपूरपर्यंत बरं वाटत होतं.

मग तुझं पत्र.

रविवारी सकाळी मी गुडगावला गेलो. लिफ्टमध्ये गाणं वाजत होतं. शुभदाकाकूंनी दार उघडलं, ते तसंच सोडून आत गेल्या. सर पेपर वाचत होते. म्हणाले, "आलास? बरं झालं. त्यांना लिहायचंय, नमुना सदोष होता म्हणून. तुझं नाव कशाला खराब करायचं?"

मी म्हटलं, "काल घेतलंत की नाव."

"घेतलं ना! हिच्या हट्टानं घेतलं. दोन महिने सुखानं जेवू दिलं नाही हिनं. रोज तायडे, तायडे. शेवटी म्हटलं घेतो बाई, वरण वाढ. आणि नेमकं बघ."

वल्लरी आतल्या दारात उभी होती. मी खिशातून पट्टी काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, "खरी ही आहे. काल मी बदलली."

सर उभे राहिले. पेपर खाली पडला. "मुद्दाम? तुला कळतंय तू काय केलंस? माझी वीस वर्षं..."

"माझी होळीची सुट्टी होती," मी म्हटलं. "ती तुम्ही आभारात घातलीत. चड्ढाजींच्या खाली."

हे मी बसमध्ये पाठ करून गेलो होतो. ह्याच्या पुढेही पुष्कळ पाठ केलं होतं. पण वल्लरी पुढं आली आणि तिनं पट्टी उचलली. दोन्ही टोकं धरली आणि वाकवली. काही आवाज झाला नाही. वाकली, आणखी वाकली, दोन्ही टोकं एकमेकांना टेकली. तिनं ती सरांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. सर तिच्याकडे बघत राहिले. बोटानं वळणावर चाचपत होते, तडा शोधत होते. तडा नव्हता.

मग तिनं मला विचारलं, "का?"

मी चिठ्ठी काढली. तिच्यासमोर त्या शब्दावर बोट ठेवलं. म्हटलं, "मराठीत ह्याचा अर्थ वेगळा आहे."

"काय आहे?"

"टिंगल. मजाक."

तिनं परत वाचली. सुरुवातीपासून, हळूहळू, ओठ हलवत. तो अर्थ लावून. शेवटच्या ओळीपाशी आली तेव्हा मला बघवेना.

"तू म्हणाला होता हिंदी शब्द नको," ती म्हणाली. "कोशिश खोडला मी. शाळेच्या हिंदीच्या बुकमधला सगळ्यात भारी शब्द लिहिला. मला वाटलं इतका भारी आहे, म्हणजे मराठीच असेल."

"वल्लरी, मी..."

"थांब. मी बोलते." डोळे पुसले नाहीत तिनं. शब्द जुळवत होती, पूर्वी समोसा चुकवताना जुळवायची तशीच. "मी तुझ्यासाठी चेष्टा केली. आणि तू माझी केलीस." मग म्हणाली, "बरोबर आलं ना आता? ह्यात समोसा नाही ना लागत?"

मी म्हटलं, "नाही लागत."

सर मागून म्हणत होते, "बस, बस, धम्मदीप. नीट बोलू. नाव पहिलं घालू तुझं, पुढच्या लेखात." ताई, तीन महिन्यांपूर्वी ह्या वाक्यासाठी मी काय दिलं नसतं! काल ते कानावर पडलं आणि मला फक्त एवढं दिसत होतं, की ती माझ्याकडे बघत नाही. ती त्या वाकलेल्या पट्टीकडे बघत होती.

दार आपटायचं, हे मी येतानाच ठरवलं होतं. चपला घातल्या, बाहेर आलो, हँडलला हातही घातला. पण आपटलं नाही. सावकाश ओढून घेतलं. कुलपाची जीभ आपली आपण बसली. टक्.